सातव्या हिरवळीवरच्या चादरी

"ए पोरा, चेंडू माझ्या चादरीवर पडलाय. आता चादर हळूच ओढायची, चेंडू गवतावर येऊ द्यायचा, मग काय मारायचं ते मार. पण चादरीवर बूट ठेवलास, तर तंगडं काढून हातात देईन."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी उंची वडिलांच्या गोल्फच्या पिशवीएवढी होती. समुद्रावरून वारा सुटला होता आणि तो आवाज वाऱ्याला न जुमानता, उलट्या दिशेनं चालत माझ्यापर्यंत आला. बाई दोरीच्या पलीकडे होती. दिसत होते ते तिचे दोन पाय आणि वर फुगलेली एक पांढरीशुभ्र चादर. त्यामुळे पुढची बरीच वर्षं माझी समजूत अशी होती की चादरच बोलली.

पोर्टकेर्नमध्ये याला कोणी हसत नाही. आमच्या गोल्फ क्लबच्या नियमांत ते छापलेलंच आहे: चेंडू धुतलेल्या कपड्यावर पडल्यास कपडा चेंडूखालून ओढावा, दंड नाही. क्लबच्या आधी कोळणींची धुणी होती आणि धुण्यांच्या आधी नुसता समुद्र होता. आमच्याकडे मान ज्येष्ठतेच्या क्रमानं मिळतो. किनाऱ्यालगतच्या माळावर धुणं वाळत घालायचा हक्क गावच्या बायकांना जुन्या सनदेनं दिलाय, आणि सातव्या होलच्या, म्हणजे खेळाच्या सातव्या टप्प्याच्या, आतल्या अंगाला त्यासाठी ओतीव लोखंडाचे चार खांब उभे आहेत. एके काळी सोमवारी अख्खी कोळीआळी तिथं जमायची. आता एकटी विल्मामावशी क्रुकशँक येते. चादर बोलली होती ती हीच.

माझं नाव लॉर्न इम्री. आयुष्यभर लोकांचे डोळे तपासले, चष्मे विकले. निवृत्त झाल्यावर क्लबनं मला हिरवळप्रमुख केलं. होलच्या शेवटी, झेंडा रोवलेल्या भोकाभोवती गालिच्यासारखं जे गुळगुळीत गवत असतं, ती हिरवळ. पद शोभेचं. हिरवळीचं सगळं डॉड मच बघायचा. तो आमचा माळी म्हणा, मुकादम म्हणा, नाहीतर मैदानाचा मालक म्हणा. त्याची स्वतःची समजूत तिसरी होती. माझं काम एवढंच, की वर्षातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये उभं राहून "हिरवळींची प्रकृती समाधानकारक आहे" असं म्हणायचं आणि खाली बसायचं. हे काम मी निष्ठेनं करत आलो होतो.

त्या नोव्हेंबरात समुद्रानं आमची सातवी हिरवळ खाल्ली.

खाल्ली म्हणजे खरोखर खाल्ली. रात्रभर वादळ घोंगावलं, आणि सकाळी बघतो तर हिरवळीचा पुढचा निम्मा भाग नाही. झेंड्याची काठी खाली दगडगोट्यांत पडलेली, आणि उरलेली निम्मी हिरवळ कड्याच्या टोकाशी कोणीतरी चावून ठेवलेल्या बिस्किटासारखी. आठ दिवसांनी प्रांतिक गोल्फ मंडळाचं पत्र आलं. एप्रिलमध्ये त्यांच्या तपासनीस येतील. मैदान नऊ होलचं असेल तर मान्यता राहील. आठ होलच्या मैदानाला मंडळ मैदान म्हणत नाही. मान्यता गेली तर क्लब खाडीपलीकडच्या बॅलनेस क्लबात विलीन करावा, अशी मंडळाची प्रेमळ सूचना होती.

बॅलनेस. जिथं चहा कागदी पेल्यात देतात आणि पेल्यावर क्लबचं बोधचिन्ह छापतात.

पत्र सभेत वाचलं गेलं. डॉड नुकताच खुब्याचा सांधा बदलून घेऊन घरी आला होता. डॉक्टरांनी त्याला वसंतापर्यंत खुर्चीतून न उठण्याची तंबी दिली होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वाटेल ते बोलू शकलो असतो. मी म्हणालो, "मी बघतो."

घरी आल्यावर बायकोला, ऊनाला, हे सांगितलं. ती बटाटे सोलत होती.

"तू बघतोस म्हणजे काय करतोस?"

"हिरवळ आतल्या बाजूला हलवायची. सोपं आहे."

"आपल्या अंगणातलं रोझमेरीचं झुडूप आठवतंय? ते पण तूच हलवलं होतंस."

ते आठ दिवसांत वाळलं होतं, म्हणून मी विषय बदलला.

आत हलवायची म्हणजे कुठं, तर जागा एकच होती. एका बाजूला काटेरी झुडपं, दुसऱ्या बाजूला ओढा, मधे सपाट, निचऱ्याची, देवानं हिरवळीसाठीच राखून ठेवल्यासारखी जागा. आणि तिच्यात चार लोखंडी खांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉडचा फोन आला. त्याची खुर्ची खिडकीत होती आणि खिडकीतून मैदान दिसत होतं. शिवाय त्याच्या मुलीनं त्याला पक्षी बघायला म्हणून दुर्बीण आणून दिली होती. त्यानं तिच्यातून पक्षी एकही पाहिला नाही.

"चष्मेवाले, खांबांशी उभा राहून काय करतोयस?"

"मोजमाप घेतोय."

"पावलांनी?"

"हो."

"तुझी पावलं लहान आहेत," डॉड म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

मी विल्मामावशीकडे गेलो. सोबत ऊनानं केलेला केक नेला, कारण ऐंशीच्या घरातल्या बाईकडे रिकाम्या हातानं जाऊन तिचे खांब मागणं बरं दिसत नाही. मावशीनं केक घेतला, चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं.

"नाही," ती म्हणाली.

"मावशी, फक्त जागा बदलायची. नवे खांब देऊ. गुळगुळीत, गंज न लागणारे."

"नाही."

"का पण?"

"केक छान झालाय. ऊनाला सांग."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कपडे वाळवायचं नवंकोरं यंत्र होतं. तिच्या मुलानं, डेव्हीनं, समुद्रातल्या तेलविहिरीवरच्या नोकरीतून घेऊन दिलेलं. यंत्रावर दुधाची बाटली आणि घड्याळ ठेवलं होतं. मी यंत्राकडे पाहिलं. मावशीनं मी पाहताना मला पाहिलं.

मग मी सरकारदरबारी गेलो. माझी अशी भाबडी कल्पना होती की वरून हुकूम आला की म्हाताऱ्या बायका ऐकतात. सामाईक जमिनीच्या खात्यातले पिरीसाहेब अत्यंत सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, खांब उभे असल्यामुळे ते रस्ते खात्याकडे येतात. रस्ते खातं म्हणालं, खांबांवर दिवे नाहीत, म्हणजे ते आमचे नव्हेत. किनारा खात्याला विचारा. किनारा खात्यातल्या बाईंनी विचारलं, खांब भरतीच्या रेषेच्या आत आहेत की बाहेर? मी म्हणालो, कुठल्या नोव्हेंबरातल्या? त्यांना हा विनोद वाटला नाही. शेवटी मी वारसा खात्याला विचारलं. त्यांनी खांबांचे चारही बाजूंनी फोटो काढून घेतले, एका खांबाला प्रेमानं थोपटलं, आणि मला परत पिरीसाहेबांकडे धाडलं.

पिरीसाहेबांनी चष्मा पुसला. (चष्मा मीच दिलेला. डाव्या काचेला चरा पडला होता, पण ती वेळ ते सांगण्याची नव्हती.) "हे बघा इम्री, हक्क त्या बाईंचा आहे. त्यांनी सही केली तर अग्निशामक गॅरेजच्या मागे आम्ही पक्की जागा देऊ. सिमेंटची फरशी, वर छप्पर. पाऊस आला तरी कपडे भिजणार नाहीत."

एवढी चांगली जागा मलाही मिळाली नव्हती. मी धावत मावशीकडे गेलो.

"गॅरेजच्या मागे?" ती म्हणाली.

"वर छप्पर."

"तिकडं कोण असतं?"

"कोणीच नाही. अगदी शांतता. कोणाचा चेंडू म्हणून यायचा नाही."

मावशी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. डोळे तपासताना मी लोकांकडे बघायचो तशी. "नाही," ती म्हणाली.

ही बातमी गावभर झाली आणि सल्ल्यांना पूर आला. इनेस खाटकाच्या दुकानात मी कबाबाचं मांस घ्यायला गेलो, तर मांस मिळेपर्यंत तीन सल्ले मिळाले. एक: सोमवारी मैदान बंद ठेवा. दोन: मंडळाला लिहा की खांब हेच झेंडे आहेत. तिसरा इनेसचा स्वतःचा होता. "म्हातारी किती वर्षं आहे अजून? थांबा थोडं."

"इथंच उभी आहे रे ती," रांगेतून विल्मामावशीचा आवाज आला. "आणि अर्धा किलो खिमा दे. चरबी काढून."

त्या दिवशी दुकानाबाहेर तीच मला म्हणाली, "लॉर्न, खांब हलणार नाहीत. हिरवळ हवी तर खांबांच्या मधे घाल."

"मधे? चार खांबांच्या मधे हिरवळ?"

"का? गवताला खांबाची भीती वाटते?"

मी रात्रभर तळमळलो. सकाळी नियमांचं पुस्तक उघडलं. हिरवळीत झाड असू नये, विहीर असू नये, असं कुठंही म्हटलेलं नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांना तशी गरजच वाटली नसावी. मी डॉडला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हातारीनं स्वतः सांगितलं मधे घाल म्हणून?"

"हो."

"मग घाल," तो म्हणाला, आणि आश्चर्य म्हणजे पुढं काही टोमणा मारला नाही.

आता हिवाळा लागला होता. आमच्याकडचा हिवाळा हा ऋतू नसतो, तो नातेवाईक असतो. येतो तेव्हा ट्रंक घेऊन येतो. सूर्य दुपारी जेमतेम उठून बसतो आणि चहाच्या वेळेला परत अंथरुणात. खेळणारे लोक बगलेत प्लास्टिकच्या गवताची वीतभर चटई घेऊन फिरतात, चेंडू तिच्यावर ठेवून मारतात, म्हणजे खरं गवत झिजत नाही. अशा दिवसांत मी फावडं, दाताळं, आणि भाड्यानं आणलेलं गवत सोलायचं यंत्र घेऊन कामाला लागलो. उरलेली निम्मी हिरवळ समुद्र खाण्याआधी सोलून काढायची, गुंडाळ्या करायच्या आणि नव्या जागी अंथरायच्या, असा बेत होता.

ते यंत्र पुढं चालतं. मागं चालवायची सोय असते, असं ते भाड्यानं देणाऱ्यानं सांगितलं होतं, पण कुठं असते ते सांगितलं नव्हतं. मी दांडा ओढला. यंत्र निघालं. मी त्याच्यामागे निघालो. आम्ही दोघं सातवा होल ओलांडून आठव्यावर गेलो, तिथं वीतभर रुंदीची एक लांबलचक पट्टी सोलत चर्चच्या फाटकापर्यंत पोचलो, आणि फाटकावर जाऊन थांबलो. पाद्रीबाई रविवारच्या प्रवचनाचा विचार करत बाहेर उभ्या होत्या.

"इम्री, तुम्ही बऱ्याच दिवसांनी चर्चकडे आलात," त्या म्हणाल्या.

खिशात फोन वाजला. मी उचलला नाही. दुर्बिणीवाल्याला जे सांगायचं होतं ते मला माहीत होतं.

पण माणसं चांगली हो. दुसऱ्या दिवशी न बोलावता सात-आठ जण फावडी घेऊन हजर झाले. खोदकाम झालं, वाळू पसरली, चार खांबांभोवती जमीन सारखी केली, गुंडाळ्या उलगडल्या, गवताला गवत शिवून जोडावं तसं जोडलं. ऊना धुरावलेल्या माशाचं गरम सूप किटलीतून घेऊन आली. जानेवारीच्या एका सोमवारी मी नव्या हिरवळीच्या कडेला उभा राहिलो. वरून मावशीची चादर फडफडत होती, तिची सावली गवतावरून पाळण्यासारखी हलत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, "प्रकृती समाधानकारक आहे" हे वाक्य मी खरं बोलू शकेन.

मग डॉडचा फोन आला.

"गारठा येतोय. कडाक्याचा. परवापासून."

"मग?"

"मग तुझं गवत अजून मुळं धरून बसलेलं नाही. जमीन गोठली की फुगते. गुंडाळ्या उचलल्या जातील आणि मुळं उघडी पडून मरतील. झाकायला कापड मागवलंय ना?"

मागवलं होतं. हिरवळीवर घालायचं खास कापड, मोठा गठ्ठा. तो गठ्ठा त्या वेळी पोर्टकेर्नऐवजी पोर्टकेरन नावाच्या गावी होता. देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, एका कुत्र्यांच्या दवाखान्यात, आणि तिथली मुलगी मला फोनवर सांगत होती की कापड फार छान आहे, कुत्र्यांना आवडलंय.

मग मी गावभर धावलो. इनेस म्हणाला, मीठ टाक, रस्त्यावर टाकतात तसं. (मिठानं गवत मरतं. ते मला माहीत होतं, ही त्या महिन्यातली माझी एकमेव जमेची बाजू.) कोणी म्हणालं पेंढा, कोणी म्हणालं समुद्राचं शेवाळ. शेवाळ आणायला गेलो तर बर्फासारख्या पाण्यात माझा एक बूट राहिला. एका बुटानं घरी आलो, पाय चुलीपाशी धरला आणि ऊनाला म्हणालो, "संपलं. बॅलनेसचा चहा प्यायची तयारी ठेव."

ऊनानं माझा ओला मोजा चुलीवर टांगला. तिनं कोट घातला आणि बाहेर गेली. नंतर कळलं, विल्मामावशीकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सूर्य मावळायच्या आत, कोळीआळीच्या बायका माळावर आल्या. म्हाताऱ्या, तरण्या, दोघी-तिघी काठी टेकत, एक पोटुशी. प्रत्येकीच्या काखेत चादरी. कित्येक वर्षांत एवढ्या बायका त्या खांबांपाशी आल्या नव्हत्या. विल्मामावशी मधे उभी राहून कोणती चादर कुठं हे सांगत होती, आणि तिच्या तोंडात एक जुनी चाल होती, शब्द मात्र ती त्या वेळी जुळवत होती:

दंवा रे दंवा, तू रातीचा पाहुणा,
पांघरुणाखाली निजे माझा हिरवा तान्हा.

बायका वाकत होत्या, चादर झटकत होत्या, गवतावर निजवत होत्या. कडा दगडांनी दाबत होत्या, मुलाच्या पायाखाली पांघरूण खोचतात तसं. मी एक चादर उचलायला पुढं झालो, आणि हाताला गार पाणी लागलं.

"ओली आहे," मी म्हणालो.

"मग?" इनेसची बायको म्हणाली. "धुतली सकाळी."

"ही पण ओली आहे. सगळ्याच ओल्या आहेत."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं: बिछान्यातली चादर काढून, तशीच, न धुता, चार लोकांसमोर माळावर अंथरायची? पोर्टकेर्नमध्ये? त्यापेक्षा गवत मेलेलं परवडलं. प्रत्येकीनं सकाळी चादर धुतली होती, पिळली होती, आणि वाळायला त्या दिवशी सूर्यच नव्हता.

काढून घ्यायला उशीर झाला होता. आमच्या हातांखाली चादरी गोठून कुरकुरायला लागल्या होत्या.

सकाळी नवी हिरवळ पाटीसारखी टणक झाली होती. प्रत्येक चादर गवताला चिकटून गोठलेली. मी एक कोपरा हलकाच उचलायला गेलो, तेवढ्यात खिशात डॉड वाजला. "हात लावू नकोस. ओढलीस तर गवत मुळासकट चादरीला लागून येईल. वितळेपर्यंत थांब."

"कधी वितळेल?"

"वितळेल तेव्हा."

ते लवकर वितळलं नाही. दीड-दोन आठवडे अख्खं गाव चादरीवाचून झोपलं. पडदे अंथरले, कोट अंथरले. पाद्रीबाई चर्चच्या घोंगडीत झोपल्या. आणि रोज सकाळी कुत्री फिरवायला निघालेले लोक सातव्या होलकडून जायला लागले, कारण तिथं साऱ्या गावाचे बिछाने उघड्यावर मांडलेले होते. इनेसच्या चादरीवर घोड्यावर बसलेले काऊबॉय होते. त्याचं वय अठ्ठावन्न. पाद्रीबाईंची चादर इतक्या ठिकाणी रफू केलेली की मूळ कापड शोधावं लागे. पुढच्या रविवारी दानपेटी जड निघाली. आणि मधोमध, सगळ्यात दिसेल अशी, आमची. ऊनानं तिच्या फाटलेल्या जागी माझ्या जुन्या पायजम्याचं निळ्या पट्ट्यांचं ठिगळ लावलं होतं. ठिगळात नाडीचं भोकही होतं.

"चष्मेवाल्यांचा पायजमा छान जपलाय," असं मला चौघांनी तरी सांगितलं. मी त्यांचे आभार मानले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तरीही खेळणारे खेळत होतेच, आणि दोन-तीन चुकार चेंडू चादरींवर येऊन पडले. नियमाप्रमाणे कपडा ओढायचा; पण तो ओढता येत नव्हता. कमिटीची तातडीची बैठक झाली. ठराव असा झाला की गोठलेला कपडा हा कपडा नसून जमीन समजावी. मी विरोधात मत दिलं. माझ्या पायजम्याला जमीन म्हणणं मला पटलं नाही.

एका दुपारी वारा फिरला. दक्षिणेकडून आला, ऊबदार, ओला. चादरी मऊ पडल्या, पाणी सोडायला लागल्या. आम्ही एकेक हलकेच उचलली. खाली गवत होतं. फिकट होतं, पिवळसर होतं, पण मुळं धरून बसलेलं होतं. सुती चादरीखाली एक रंग, फ्लॅनेलखाली दुसरा. सगळी हिरवळ गोधडीसारखी चौकोनी दिसत होती. डॉडनं फोन केला आणि तीन शब्द बोलला: "वाईट नाही झालं." आमच्या भागात यापेक्षा मोठा शब्द लग्नातही वापरत नाहीत.

मार्चभर गवत हिरवं होत गेलं. आणि एप्रिलात तपासनीस हॅल्डेनबाईंचं पत्र आलं. त्या सोमवारी येणार होत्या.

मी परत मावशीकडे गेलो. या वेळी केक नव्हता. ऊना म्हणाली, केक फुकट जाईल.

"मावशी, एकच सोमवार. या एका सोमवारी दोरी मोकळी ठेव. क्लब गेला तर काय राहील इथं?"

"काय राहील?" ती म्हणाली. तिचा चेहरा मला कळला नाही. "मी धुणं घालणार, लॉर्न."

हॅल्डेनबाई उंच, मितभाषी, हातात मोजायचं चाक घेऊन आलेल्या. पहिल्या सहा होलांवर त्या एकदाही हसल्या नाहीत. सातव्यावर आलो. समोर चार खांब, दोऱ्या, आणि पाच पांढऱ्या चादरी वाऱ्यावर. खाली हिरवळ, तिच्यात झेंडा. एका खांबाशी मावशी, तोंडात चिमटे. मी मनातल्या मनात कागदी पेला हातात घेतला.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

मी नियमांचं कार्ड पुढं केलं. त्यांनी वाचलं. मग पिशवीतून चेंडू काढला, हिरवळीवर ठेवला, आणि भोकाच्या दिशेनं हलकेच ढकलला. चेंडू नीट, एका रेषेत, कुठंही न अडखळता गेला आणि चादरीच्या सावलीत थांबला.

"हिरवळ सपाट आहे," त्या म्हणाल्या. "गवत धरलंय. खांब अचल, कपडे हलवता येण्याजोगे. नियमात बसतं." चाकाचा आकडा टिपून घेतला. "नऊ होल."

मनातला कागदी पेला मी खाली ठेवला. तोवर समुद्रावरून पावसाचा काळा पट्टा आत सरकायला लागला होता, आणि मावशीनं तोंडातले चिमटे काढले. "ए उंच बाई, नुसती उभी काय राहतेस, टोक धर." हॅल्डेनबाईंनी चाक खाली ठेवलं आणि मुकाट्यानं चादरीचं टोक धरलं. दोघींनी ती ओढली, दुमडली, एकमेकींकडे चालत गेल्या, परत दुमडली. चार चादरी झाल्या. मग बाईंना आठव्या होलकडे जायचं होतं. त्या गेल्या. पाचवी चादर राहिली होती. मी धरली.

"वर धर. मातीला लागतंय," मावशी म्हणाली.

मी वर धरलं. आम्ही चादर ताणली. थेंब पडायला लागले होते.

"यंत्र चांगलं आहे डेव्हीचं," ती एकदम म्हणाली. "वाळवतं. पण घडी नाही घालत. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही रे. आमच्याकडे दुसरं टोक माझा नवरा, अ‍ॅलेक, धरायचा. तो गेला त्याच्या पुढच्या सोमवारी मी इथं चादर काढून उभी होते, आणि मला कळेना आता हिचं करायचं काय. डॉड तिकडं गवत कापत होता. त्यानं यंत्र बंद केलं, आला, टोक धरलं. एक शब्द बोलला नाही. पुढच्या सोमवारी तुझ्यासारखाच कोणी खेळायला आलेला होता, त्यानं धरलं. मग कोणी ना कोणी. तूसुद्धा. तू तर दर वेळी कुरकुरायचास, माझा फटका राहिला म्हणून."

दर वेळी? मला खरंच आठवत नव्हतं. खिशातला रुमाल आठवत नाही, तसं.

"ती गॅरेजमागची जागा चांगली होती," मावशी म्हणाली. ती चालत माझ्यापाशी आली, तिच्या हातातलं टोक माझ्या हातातल्या टोकावर ठेवलं, आणि घडीवरून तळहात फिरवला. "पण तिथं कोण आलं असतं? इतकी वर्षं एकही चादर मी एकटीनं दुमडली नाही, लॉर्न. कोणाचे आभार मानले नाहीत. वाटायचं, बोलून दाखवलं तर तुम्हाला कळेल तुम्ही काय करताय, आणि मग लाजून यायचं थांबवाल. तर आज सांगते. फार आभारी आहे मी तुम्हा सगळ्यांची."